शिवडीहून भायखळ्याला

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा करार झाला आणि त्यानंतरच्या मार्चमध्ये एक माणूस रंगाचे दोन डबे घेऊन आला. मागच्या अंगणातल्या प्रत्येक झाडाच्या खोडावर त्याने पांढरा पट्टा ओढला आणि त्यावर लाल रंगात आकडा घातला. आंबा, दोन फणस, बकुळ, नारळ, रामफळ असं करत आकडा तेवीसवर थांबला. त्यातली अकरा झाडं पुनर्रोपणाला योग्य ठरली. त्याने वहीत एक कच्चा नकाशाही काढला होता. टाकीपासून कुंपणापर्यंतच्या पट्ट्यावर त्यात 'मोकळी जागा' असं लिहिलेलं होतं.

ती जागा मोकळी नव्हती. तळमजल्यावरच्या काकूंचं माहेर मुरबाडकडचं. लग्नानंतर त्या ठाण्याला आल्या आणि पुढची चाळीसेक वर्षं माहेराहून येताना पिशवीत काही ना काही मातीसकट आणत राहिल्या. शेवळं, कळलावी, रानहळद, भारंगी, फोडशी. या रोपांना वाफे नव्हते, कुंड्या नव्हत्या, पाट्या तर नव्हत्याच. पहिला पाऊस पडला की तो पट्टा हिरवा व्हायचा आणि दिवाळीनंतर वाळून पुन्हा नुसती माती दिसायची. मार्चमध्ये आलेल्या माणसाचा यात काही दोष नाही. त्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं.

त्या दिवसांत मी शिवडीच्या एका जुन्या बागेची माहिती जमवत होते. सेवानिवृत्तीनंतर लावून घेतलेला उद्योग. त्याआधी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात बत्तीस वर्षं गेली होती. अंगणातली ही गोष्ट घडली नसती, तर त्या कागदांकडे मी ज्या नजरेने पाहिलं तसं कदाचित पाहिलं नसतं.

शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी मुंबईकरांना माहीत आहे. दाट झाडी, जुने संगमरवरी देवदूत, आणि आजूबाजूच्या गोदामांच्या गर्दीत अनपेक्षित वाटणारी शांतता. ही जागा आधी बाग होती. मुंबईत १८३० मध्ये 'अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' नावाची संस्था स्थापन झाली, आणि शिवडीची बाग त्या संस्थेची. नावात शेती आधी आणि बागकाम नंतर आहे, ते योग्यच आहे. कंपनी सरकारच्या काळातल्या अशा संस्थांना मुख्यतः कोणतं पीक इथे रुजेल, कोणतं फळ सुधारेल आणि कशातून उत्पन्न निघेल याची काळजी असे. फुलांचा नाद हा साहेबांचा वैयक्तिक मामला. त्यातलाच एक साहेब म्हणजे जॉन ग्रॅहम.

ग्रॅहम हा स्कॉटलंडच्या डम्फ्रीसशायरचा, जन्म १८०५ चा. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या आश्रयाने तो १८२८ मध्ये मुंबईला आला आणि त्यांनीच त्याला टपाल खात्यात उपमहाअधिकाऱ्याची जागा दिली. ती नोकरी सांभाळून तो मुंबईच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षकही झाला. टपालाचं काम करणाऱ्या माणसाच्या हाती त्या काळी केवढं जाळं असेल! इलाख्यातल्या सर्जन, कॅप्टन, कलेक्टर अशा सगळ्यांशी पत्रव्यवहार. डाकेच्या थैल्यांतून ओल्या शेवाळात गुंडाळलेले किती कंद शिवडीला आले असतील, हा विचार मला नेहमी सुचतो आणि दर वेळी गंमत वाटते.

त्याचं नाव राहिलं ते १८३९ मध्ये छापलेल्या एका यादीमुळे. मुंबई आणि तिच्या परिसरात वाढणाऱ्या वनस्पतींची ही यादी. आपोआप उगवणाऱ्या, लावलेल्या आणि बाहेरून आणलेल्या अशा तिन्ही प्रकारच्या वनस्पती तिच्यात आहेत, हे तिच्या लांबलचक शीर्षकातच सांगितलेलं आहे. पुस्तक छापून होत असतानाच खंडाळ्याला चार दिवसांच्या आजाराने ग्रॅहम वारला. तारीख २८ मे १८३९, वय चौतीस. शेवटचे फर्मे त्याचा मित्र जोसेफ निम्मो याने छापखान्यातून पार करून घेतले.

या यादीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिने देशी आणि परदेशी यांना एकाच पंक्तीला बसवलं. बावीस वर्षांनी, १८६१ मध्ये, डाल्झेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' निघाला. त्याची मांडणी वेगळी आहे. इथल्या मूळच्या वनस्पती मुख्य ग्रंथात आणि बाहेरून आलेल्या पुरवणीत. शास्त्राच्या दृष्टीने ही पुढची पायरी, यात शंका नाही. पण ग्रॅहमच्या यादीत एक माळीपणा आहे. जे जे उगवतं ते त्याने लिहिलं, आणि कुठे उगवतं तेही लिहिलं.

त्यातल्या चार वनस्पतींकडे मी वाचकांचं लक्ष वेधू इच्छिते. पहिली पांढरा सापकांदा. पावसाच्या सुरुवातीला महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूला नागाच्या फणीसारखं पांढरं फूल काढतो तो. ग्रॅहमने तिला 'अरम मरेई' असं नाव दिलं. पुढे हुकरने तिला 'अरिसीमा' या कुळघराण्यात हलवलं, पण 'मरेई' हे नाव टिकलं. दुसरी चवर. कासच्या पठारावर ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी ती पाहिलेली असते, पण 'हळदीसारखं काहीतरी' म्हणून तिला ओलांडून ते पुढे जातात. ग्रॅहमने तिला 'कर्क्युमा कॉलिना' म्हटलं, पुढे ती 'हिचेनिया कॉलिना' म्हणूनही ओळखली गेली. तिच्या कंदांपासून आरारूटसारखं सत्त्व काढत असत. उरलेल्या दोन म्हणजे रानआल्याच्या दोन जाती. त्यांतल्या एकीला निम्मोचं नाव आहे. यादीचे शेवटचे फर्मे ज्याने पुरे केले, त्या मित्राचं नाव यादीतल्याच एका रोपाला होतं.

या चौघींच्या शास्त्रीय नावांपुढे आजही 'जे. ग्रॅहम' असं लिहिलं जातं. आणखी एका बाबतीत या चौघी सारख्या आहेत. चारही वनस्पती वर्षातले जेमतेम पाच महिने जमिनीवर असतात. उरलेले महिने त्या मातीखाली कंद किंवा गड्डे होऊन पडून राहतात. मार्चमध्ये रंगाचा डबा घेऊन गेलात तर तिथे 'मोकळी जागा' दिसेल.

१८६५ साल हे मुंबईच्या इतिहासात फार गर्दीचं साल आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. समुद्र बुजवायच्या कंपन्या रोज निघत होत्या, आणि युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. त्याच वर्षी आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला. शहराच्या आरोग्याचा प्रश्न त्याने धडाक्याने हाती घेतला. युरोपियनांची सोनापूरची दफनभूमी तोवर भर वस्तीत आली होती आणि ती बंद करणं भाग होतं. नवी जागा हवी होती. वस्तीबाहेर, पण फार लांब नाही, माती खणता येण्याजोगी आणि आधीच निगा राखलेली. शिवडीची बाग या सगळ्या अटींत बसली. क्रॉफर्डने ती दफनभूमीसाठी घेतली आणि संस्थेचा वनस्पतिसंग्रह भायखळ्याच्या नव्या बागेत सामील झाला.

ही नवी बाग म्हणजे राणीची बाग. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती लोकांसाठी उघडली गेली. तिच्यामागे आणि शेजारच्या संग्रहालयामागे जी माणसं होती त्यांत डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड ही तीन नावं ठळक आहेत. डॉ. भाऊंना तर देशी वनस्पतींचा ध्यासच होता. कुष्ठरोगावर त्यांनी जे औषध चालवलं ते कडू कवठीच्या बियांच्या तेलाचं. हे झाड आपल्याच कोकण-सह्याद्रीतलं. बाग ही शोभेची वस्तू नसून औषधालय असू शकतं हे त्यांना पटवून द्यावं लागलं नसतं. पण बागा शेवटी एकट्यादुकट्याच्या ध्यासावर चालत नाहीत. ३१ जुलै १८६५ रोजी नाना गेले. बर्डवुड पुढे इंग्लंडला परतले. भाऊ दाजी १८७४ मध्ये वारले. त्याआधी वर्षभर, १८७३ मध्ये, बाग नगरपालिकेकडे गेली होती.

शिवडीहून भायखळ्याला काय जाऊ शकलं असेल, हे हाताने माती उकरलेल्या कुणालाही कळेल. कुंड्या आधी जातात, कारण त्या उचलता येतात. मग कलमं, कारण त्यांना किंमत असते. मग बियांच्या पुड्या. लहान रोपं मुळांभोवतालच्या मातीच्या गोळ्यासकट, बैलगाडीतून. मोठी झाडं जागच्या जागी राहतात. आणि माणूस ज्याला 'हे काय कुठेही मिळतं' असं म्हणतो, ते मागे राहतं. माझा कयास असा, की चवर आणि रानआलं याच शेवटच्या गटातले. घाटात ढिगाने उगवणारी वस्तू शिवडीहून भायखळ्याला वाहून न्यायला मजुरी कोण देईल? परदेशातून जहाजाने आलेलं रोप मेलं तर पुन्हा वर्ष घालवावं लागेल. ते गाडीत आधी चढणार. हा त्या काळाचा हिशोब होता, आणि त्या काळापुरता तो चुकीचाही नव्हता. घाट तेव्हा जागेवर होता.

राणीच्या बागेत आज गेलात तर ब्रह्मदेशातली उर्वशी दिसते, आफ्रिकेची गोरखचिंच दिसते, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती दिसतो. देशी वृक्षही पुष्कळ आहेत. या झाडांचं मोल मी कमी लेखत नाही. प्राणिसंग्रहालयाच्या नव्या आराखड्यामुळे ही झाडं जातील अशी भीती निर्माण झाली, तेव्हा मुंबईतल्या काही नागरिकांनी वर्षानुवर्षं झगडून, झाडं एकेक करून नोंदवून त्यांचं रक्षण केलं. त्या कामाला तोड नाही. इतकंच, की वाचवायला उभं राहण्यासाठी आधी ती वस्तू डोळ्यांना दिसावी लागते.

त्याच बागेत स्थलांतराचा आणखी एक नमुना आहे. घारापुरीचा दगडी हत्ती. इंग्लंडला न्यायच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले. ते तुकडे १८६४ मध्ये इथे आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडले गेले. मधली पन्नास वर्षं तुकडे पडून होते, आणि तरीही हत्ती झाला. कंदाला ही सवलत नाही.

पुण्याकडची कथा थोडक्यात सांगते. दापोडीची बाग १८२८ मध्ये माल्कमच्याच काळात निघाली. अलेक्झांडर गिब्सनने १८३८ पासून ती सांभाळली, तिथे औषधी वनस्पती वाढवून सरकारी दवाखान्यांना औषधं पुरवली आणि एका चित्रकाराकडून बागेतल्या वनस्पतींची चित्रं काढून घेतली. बाग गेली. सुमारे १७० चित्रं एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात सुखरूप आहेत. १८७३ मध्ये गणेशखिंडीत नवी बाग झाली आणि तिला अलीकडे, २०२० मध्ये, जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. म्हणजे दापोडीच्या वाट्याला चित्रं आली आणि शिवडीच्या वाट्याला यादी.

यादी ही कमी प्रतीची गोष्ट आहे असं मी बरीच वर्षं मानत होते. विद्यार्थ्यांनी नुसती नावं पाठ केली की मला राग यायचा. मार्चमध्ये अंगणात उभी असताना मात्र एक साधी गोष्ट ध्यानात आली. भुईत झोपलेली रोपं हलवायला सर्वांत चांगला काळ तीच झोपलेली असतानाचा. पानं सुकलेली असतात, मुळं काम करत नसतात, कंदाला धक्का बसला तरी तो सहन होतो. पावसात दिसतात म्हणून तेव्हा उपटायला गेलं तर निम्मी मरतात. म्हणजे हलवायची वेळ तीच, जेव्हा ती दिसत नाहीत. अशा वेळी पावसात पाहून ठेवलेलं कुणीतरी लागतं, नाहीतर पावसात लिहून ठेवलेला कागद लागतो. ग्रॅहमने तो कागद लिहिला होता. आमच्या अंगणाचा कागद कुणी लिहिलेला नव्हता.

काकू होत्या. त्यांचं वय एक्याऐंशी, गुडघे गेलेले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची टाकीच्या सावलीत ठेवली. त्या बसल्या आणि हातातली काठी जमिनीवर टेकवून म्हणाल्या, "अगं, इथं नको. नळापासून चार पावलं चाल. माझी नव्हे, तुझी पावलं. आता खण." मी खुरप्याने हळूहळू माती काढली. वीतभर खाली शेवळ्याचा पहिला गड्डा लागला, लहान कांद्याएवढा, वरून चपटा. त्याच्याभोवती पिल्लं होती. काठी मग दुसरीकडे गेली.

झाडांच्या बाबतीत आम्हाला कायद्याचा आधार होता. महाराष्ट्राचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. शहरातलं झाड तोडायचं तर परवानगी लागते, पुनर्रोपण करावं लागतं, हिशोब द्यावा लागतो. पण तो कायदा खोड असलेल्या, लाकूड असलेल्या झाडाचा आहे. शेवळं त्यात येत नाही, कळलावी येत नाही. विकासकाच्या माणसाने मला दहा दिवस दिले, तेही सौजन्य म्हणून. "बाई, हे गवतच ना?" असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं, कारण समजावत बसले असते तर एक दिवस गेला असता.

कळलावीने सर्वांत छळलं. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा दोन बाजूंनी वाकलेला असतो, म्हणून तर संस्कृतात तिला लांगली म्हणतात. कोंब फक्त टोकाला. टोक तुटलं की उरलेला कंद कितीही जाडजूड असला तरी त्यातून काही येत नाही. नऊ कंद निघाले, त्यांतल्या तिघांची टोकं माझ्याच खुरप्याने गेली. बत्तीस वर्षं हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. फोडशीची मुळं जाळीसारखी पसरलेली निघाली, ती मातीच्या ढेकळासकटच उचलली. भारंगीची छाट कलमं घेतली. रानहळद पोतंभर निघाली. शेवळ्याचे गड्डे मोजले तर लहानमोठे एक्केचाळीस.

माझ्या भावाची मुरबाडच्या पलीकडे थोडी उताराची जमीन आहे, वर ऐन-किंजळाची सावली. तिथे सगळं नेलं. काकूंच्या पिशव्यांतून जे चाळीस वर्षांत आलं, ते टेम्पोच्या एका फेरीत परत गेलं. या वेळी मी वही घेतली होती. प्रत्येक गड्डा कुठे पुरला ते झाडाच्या खोडापासून पावलं मोजून लिहिलं, दगड रचले, आणि भावाच्या मुलाकडून त्याचा नकाशा काढून घेतला. ग्रॅहमइतकी नीटस यादी नाही, पण पावसात पाहिलेल्या नावांची आहे.

अशा कामाला आता मोठ्या संस्थाही लागल्या आहेत. शिवनेरीच्या कड्यावर सापडलेल्या शिंदळमाकुडीला डाल्झेलने गव्हर्नर फ्रिअरचं नाव दिलं, तेही शिवडीची बाग गेली त्याच सुमाराला. ही वनस्पती पुढे दुर्मिळ झाली. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या बागेत डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा सह्याद्रीपुरत्याच असलेल्या वनस्पती, विशेषतः कंदीलपुष्पं, वाढवण्याचं काम चिकाटीने केलं आहे. तिथे गड्ड्यांना पाट्या आहेत. 'हे काय कुठेही मिळतं' असं आता सह्याद्रीतल्या फार थोड्या गोष्टींबद्दल म्हणता येतं.

मे महिन्यात इमारत रिकामी झाली. काकू मुलाकडे कल्याणला गेल्या, सहाव्या मजल्यावर. अकरा झाडांपैकी सहा जगली आहेत असं सोसायटीच्या कागदात आलं. ती मी पाहिलेली नाहीत. जूनच्या पहिल्या पावसानंतर मी मुरबाडला गेले. रानडुकरांनी एका बाजूने उकरलेलं होतं आणि तिथली रानहळद विस्कटून पडली होती. पण ऐनाच्या बुंध्यापासून सात पावलांवर, वहीत लिहिलेल्या जागी, ओल्या पाचोळ्यातून शेवळ्याचे जांभळट कोंब वर आले होते. मोजले तर एकोणीस. जुलैत पुन्हा गेले तेव्हा सत्तावीस गड्ड्यांची पानं उघडलेली होती. कळलावीच्या चार वेली करवंदीच्या जाळीवर चढल्या होत्या. भारंगीची सगळी कलमं मेली.

जूनच्या त्याच दुपारी मी काकूंना फोन केला. एकोणीस म्हटल्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उघडली नाहीत ना अजून? मग भाजीला हीच वेळ. येताना मुरबाडच्या बाजारातून काकडं घे, नाहीतर घसा खाजेल. आणि आतला पिवळा भाग काढून टाकायचा, ते तुला माहीत आहे."

मी म्हटलं, "काकू, या वर्षी खुडू नयेत असं वाटतंय."

"चार खुड," त्या म्हणाल्या. "बाकीची राहू देत. चारांनी काही होत नाही."

मी तीन खुडली.